फुल तिकीट

दाभोळच्या जेट्टीवर माझी खोली सहा बाय चार.
एक खिडकी, एक गल्ला, तिकिटांचे दोन गठ्ठे:
पांढरं फुल, गुलाबी हाफ.
बारा वर्षांखालचं हाफ.
वरचे सगळे माझ्या हिशेबी मोठे,
मिसरूड फुटलेलं असो की फुटायचं असो.

चिपळूणच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला,
मला माझाच कणा दाखवला.
"मेसकाठी पाहिलीय ना? तसं होत जातं,
पेराला पेर धरत."
आमचं अख्खं कुंपण मेसाचं आहे, डॉक्टर.
बाविसाव्या वर्षी सुरू झालं, आता अडतीस.
मधल्या सोळा वर्षांत निगडीचा पाला शेकला,
गादी सोडून सारवणावर निजलो.
एकाने वात म्हटलं, एकाने सायटिका,
मामा म्हणाला, लग्न कर.

नाव कळल्यावर माणूस औषध विचारतो.
मी विचारलं, "किती जणांना असतं हो हे?"
का विचारलं, देव जाणे.
"मोठ्या माणसांत म्हणाल तर हजारी एखाद-दुसरा.
कुठे जास्त, कुठे कमी.
आपल्याकडे गावोगाव नीट मोजलंय कुणी?"

मोजणं तर माझं पोटापाण्याचं काम.

गणपतीच्या आदल्या दिवशी खिडकीसमोरून
सोळाशे फुल जातात.
म्हणजे एक तरी गेलाच असणार
माझ्या हातून सुटे पैसे घेऊन,
आणि मी त्याला म्हटलं असेल, पुढे व्हा.

तेव्हापासून बघतो.
भोंगा झाला की सगळ्यांच्या माना फिरतात.
मी शोधतो, कोण मान न फिरवता
अख्खाच्या अख्खा फिरतो, दारासारखा.
मी तसा फिरतो.
बायको हाक मारायची तर समोर येऊन मारते.

पण या किनाऱ्यावर सापडायचं कसं?
पहाटे तीनला हे दुखणं उठवतं,
आणि इथे पहाटे तीनला कोण उठत नाही?
होड्या सुटतात, बर्फ फुटतो,
कमरेवर हात ठेवून अख्ख्या आळ्या उठतात.
जाळं ओढणाऱ्याची पाठ दुखायचीच.
त्याची कामाने दुखते, टेकलं की बरी.
आमची टेकलं की धरते, चाललं की सुटते.
एवढाच फरक.
तो विचारायला कुणाला सवड?

मग एका मंगळवारी, सव्वाअकराची फेरी,
धोपाव्याची जुबेदा वस्ता, डोक्यावर सुकटीची पाटी.
भोंगा झाला
आणि ती पाटीसकट अख्खी वळली.

सुटे मोजता मोजता मी म्हटलं,
"पहाटेची पाठ ताठते काय गो?"
तिने रागाने पाहिलं. मग म्हणाली,
"थोरल्याच्या बाळंतपणापासनं.
बाळंतातली कंबर, सगळी बोलतात."
"थोरला केवढा?"
"दुबईला असतो. चोवीसचा."
चोवीस वर्षांचं बाळंतपण.
मागून कुणीतरी ओरडलं, लवकर आटपा.
"आणि डोळा? लाल होऊन ठणकला कधी,
उजेड सोसवेना असा?"

तिने पाटी खाली ठेवली.

पांढऱ्या तिकिटाच्या मागे मी
डॉक्टरांचं नाव लिहून दिलं,
वार लिहिला, एसटी कुठे सोडायची ते लिहिलं.
तिकीट तिने तपासनीसाला दिलं की जपून ठेवलं,
मला दिसलं नाही.
मान वळली असती तर दिसलं असतं.

गेली का, मी अजून विचारलेलं नाही.
माझी सुई दर पंधरा दिवसांनी असते,
तिथल्या बाकावर ती भेटलेली नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने दोन रेघा आहेत,
एक ठळक, एक फिकट.

काल मात्र पैसे सरकवताना ती खिडकीत वाकली,
म्हणजे वाकायला गेली, आणि म्हणाली,
"माझ्या भावाची मान पण अशीच हाय."
भाऊ गुहागरला असतो.
खाडीच्या पलीकडेच सगळं त्याचं,
या फेरीने तो कधी येतच नाही.